सुईतला डोस, किडनीतला डोस

आमच्या विभागात पाच घड्याळं होती आणि पाचही सरांच्या मनगटावरच्या घड्याळाला घाबरून असत. एक गॅमा कॅमेऱ्यात, एक औषध मोजायच्या यंत्रात, एक कॉम्प्युटरात, एक इंजेक्शनच्या खोलीतल्या भिंतीवर आणि पाचवं रिसेप्शनवर, जे खरं तर आमचं नव्हतंच. दर सोमवारी सकाळी सर प्रत्येक घड्याळासमोर जाऊन उभे राहत, मनगटाकडे बघत आणि कुठलं किती सेकंदांनी चुकलंय ते वहीत लिहीत. रिसेप्शनच्या घड्याळाचा आपल्या कामाशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "सुई किती वाजता लागली हे पेशंट कोणतं घड्याळ पाहून सांगते? तेच नं?"

मी लाखनीची. भंडाऱ्याबाहेर हायवेला लागून असलेल्या त्या कॅन्सर हॉस्पिटलात टेक्नॉलॉजिस्ट म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. सरांनी पन्नाशी ओलांडली होती. उंच, किडकिडीत, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि खिशावर रेडिएशन मोजायचा बिल्ला इतका सरळ की पट्टी ठेवून लावला असावा. पहिल्या दिवशी मी रीत म्हणून विचारलं, "कसे आहात सर?" त्यांनी खरोखर क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मोजलं नाई."

मला वाटलं विनोद केला. पुढच्या आठवडाभरात कळलं की विनोद नव्हता.

'साधारण', 'जवळपास', 'नॉर्मल' हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. पेशंट भरपूर पाणी प्यायलाय असं कोणी सांगितलं की सर विचारणार, "भरपूर म्हणजे किती गिलास? गिलास केवढा?" काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, घरी गेल्यावर पहिली तक्रार हीच. "लग्नाले तीस वर्षं झाली," त्या मला चहा देता देता म्हणाल्या, "माह्या हातच्या भाजीले चांगली म्हणून म्हटलं नाई कधी. म्हणते काय, मंगळवारच्यापेक्षा मीठ कमी आहे." सर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "कमीच होतं," आणि चहा प्यायला लागले.

हॉस्पिटलच्या कागदांवर त्यांचं पद मेडिकल फिजिसिस्ट. पेशंट त्यांना 'मीटरवाले सर' म्हणत. माणूस मूळचा पवनीकडचा, घरची धानाची शेती, पण डोकं लहानपणापासून आकड्यांत. त्यांचं काम काय, हे हॉस्पिटलातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. उरलेल्यांना ते अनावश्यक वाटायचं.

आमच्याकडे काही प्रकारच्या कॅन्सरला ल्युटेशियम नावाचं किरणोत्सर्गी औषध शिरेतून देत. ते रक्तातून जातं, गाठी शोधून त्यांना चिकटतं आणि आतूनच जाळतं. औषध चांगलं, पण ते शरीराबाहेर पडतं लघवीवाटे, आणि जाताना थोडं किडनीत अडकून राहतं. गाठीला बसायचा तो मार थोडा किडनीलाही बसतो. बहुतेक ठिकाणी सगळ्या पेशंटना सारखंच औषध देतात, दोन-दोन महिन्यांनी चार वेळा, आणि पुढे जातात. नियमांत ते बसतं. सरांच्या मनात बसत नव्हतं.

"डोस किती दिला?" असं कोणी विचारलं की ते चिडत. "कोणता डोस? सुईतला का किडनीतला?" दोन्हीला लोक डोसच म्हणतात, ही त्यांची आयुष्यभराची ठसठस होती. सुईत किती भरलं ते यंत्रावर दिसतं. किडनीला त्यातलं किती भोगावं लागलं, ते कोणत्याच यंत्रावर दिसत नाही. ते काढावं लागतं. औषध दिल्यावर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि सातव्या दिवशी पेशंटला कॅमेऱ्याखाली झोपवायचं. शरीरातून बाहेर येणारे किरण कॅमेरा टिपतो, कुठे किती औषध उरलंय त्याचं चित्र मिळतं. मग स्कॅनच्या एकेका चित्रावर किडनीच्या कडेकडेने रेघ ओढायची, आतला उजेड मोजायचा, तो दिवसागणिक कसा ओसरत गेला ते बघायचं, किडनीचं वजन धरायचं, आणि मग तो एक आकडा निघतो. एका पेशंटच्या मागे दीड-दोन दिवस जात. कॅमेरा त्यासाठी अडकून राही, बाहेर दुसरे पेशंट ताटकळत. म्हणून सर रविवारी येत. मलाही यावं लागे.

पेशंटला मात्र ते हे सगळं तलाव आणि बांधी, म्हणजे भाताचं खाचर, यांवरून दोन वाक्यांत सांगत. "तलावाचं पाणी सोडलं किती, हे पाटकरी सांगन. तुमच्या बांधीत मुरलं किती, हे बांधीत उतरल्याबिगर नाई समजत. म्हून सात दिवसांनी परत येजा."

ते येत. बहुतेक जण येत.

कॅमेऱ्यातला उजेड म्हणजे नेमकं किती औषध, हे ठरवायला एक खोटा पेशंट लागतो. माप माहीत असलेल्या भांड्यात माप माहीत असलेलं औषध भरायचं, त्याचा स्कॅन करायचा आणि त्याच्याशी खऱ्या पेशंटचं चित्र ताडून बघायचं. असा खोटा पेशंट विकत मिळतो, परदेशातून येतो. सरांनी मागणीचा कागद दोनदा वर पाठवला. दोनदा तो परत आला. तिसऱ्यांदा कागद न पाठवता सर भंडाऱ्याच्या बाजारात पितळेची भांडी घडवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले, आणि मला घेऊन गेले.

त्यांनी खिशातून चित्र काढलं. म्हाताऱ्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे काय होय? आंबा?"

"किडनी होय."

"कोणाची?"

"कोणाचीच नाई. पितळेत साचा पाह्यजे, दोन फाकांचा. आत दीडशे मिलीलिटर पाणी मावलं पाह्यजे."

"आता पितळेच्या किडन्या बसवून राहिले का तुमी लोकं?" म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं.

साचा तीन वेळा परत गेला. पहिल्यांदा सहा मिलीलिटर जास्त, दुसऱ्यांदा चार कमी. तिसऱ्यांदा म्हातारा हातोडी खाली ठेवून म्हणाला, "सरजी, देवाची मूर्ती घडवली तरी कोणी इतकं मोजत नाई."

"देवाले औषध द्याचं नसते," सर म्हणाले.

चौथ्यांदा साचा जमला. त्यात पातळ प्लॅस्टिक ओतून सरांनी दोन पोकळ किडन्या काढल्या. त्या कामात काकूंची एक कढई कायमची गेली. किडन्या पाण्याच्या मोठ्या पिंपात बसवल्या आणि झाला आमचा खोटा पेशंट. सर त्यालाही चादर पांघरून ठेवत. "पेशंट आहे. उघडा नाई ठेवाचा."

त्या किडन्यांत औषध भरायचं काम पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर सोपवलं. मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. मला वाटलं, आज मी पास झाले. सुई भरली, मोजली, किडन्यांत रिकामी केली, रजिस्टरमध्ये आकडे लिहिले. सरांनी खाली सही केली.

त्यानंतर काही आठवड्यांनी शेवंताबाई आल्या.

कोंढ्याच्या. पंचावन्नच्या आसपास, सावळ्या, काटक. आतड्यातली गाठ लिव्हरभर पसरलेली. दिवसातून दहा-दहा वेळा पोट जायचं, आणि मधेच चेहरा लालभडक होऊन तापल्यासारखा व्हायचा. गावात दोन वर्षं पोटाची औषधं चालली, मग कुणीतरी आमच्याकडे पाठवलं. नवरा बरोबर असायचा, पण बोलायच्या त्याच. पहिल्या स्कॅनच्या वेळी सरांनी त्यांची किडनी पाहिली आणि पुन्हा मोजली. डावी किडनी लहान होती, बहुधा जन्मापासूनच. तेवढंच औषध, पण ते लहान किडनीत साठणार, म्हणजे मार जास्त.

"ह्या बाईचा एकही स्कॅन चुकला नाई पाह्यजे," ते मला म्हणाले.

पहिल्या खेपेचे चारही स्कॅन झाले. दुसऱ्या खेपेचा सातवा दिवस उजाडला आणि शेवंताबाई आल्या नाहीत. दहा वाजता फोन केला. नवऱ्याने सांगितलं, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू आहे, बाई बांधीत आहे, उद्या-परवा पाठवतो. सरांनी फोन ठेवला, हॉस्पिटलची जीप मागितली आणि आम्ही दोघं कोंढ्याला निघालो. तासाभराचा रस्ता. सर सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना चिखलात वाकलेल्या बायका आणि पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, हिरव्या जुड्या.

शेवंताबाई घोटाभर चिखलात होत्या. आम्हाला बघून कंबर सरळ केली.

"अजी, उद्या आली असती नं मी."

"उद्या आठवा दिवस होते, मावशी."

"मंग काय फरक पडते?"

"किती पडते ते सातव्या दिवशी मोजल्याशिवाय कसं सांगू?"

त्या हसल्या. मग चेहरा गंभीर झाला. "आज बाया मिळाल्या. उद्या त्या दुसऱ्याकडं आहेत. पऱ्हे उपटून ठेवले, दोन दिवसांत पिवळे पडतीन. आमच्या घरची एक बाई कमी झाली तं हे शेवटचं वावर आज होत नाई. तुमीच सांगा, कशी येऊ?"

सरांनी मनगटाकडे बघितलं. मग ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले, बूट काढले, मोजे नीट घडी करून बुटात ठेवले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लागले.

"हे काय करून राहिले सर?" मी विचारलं.

"तू मावशीले घेऊन जा. चाळीस मिनिटांचा स्कॅन. जाणं-येणं दोन तास. तवरोक मी लावतो."

बांधीतल्या बायका खदाखदा हसल्या. एक म्हणाली, "सायेबाले जमन का?" सर उतरले, रोपांची जुडी घेतली आणि वाकले. घरचं काम. हात विसरला नव्हता. शेवंताबाई थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या, मग हात धुतले आणि माझ्याबरोबर जीपमध्ये बसल्या. रस्त्याने एवढंच बोलल्या, "याईच्या घरी बांधी असन."

आम्ही परत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सरांचा पांढरा शर्ट कंबरेपर्यंत मातीचा. बाया सांगत होत्या की सायेब हळू लावते, पण दोन रोपांत वीत-वीत अंतर ठेवते, एकही इकडंतिकडं नाई. सरांनी मला पहिला प्रश्न विचारला, "स्कॅन किती वाजून किती मिनिटांनी सुरू झाला?" मी सांगितलं. मगच ते पाय धुवायला गेले.

मी हे लोकांना सांगते तेव्हा ते हसतात आणि म्हणतात, केवढा चांगला माणूस. चांगला होता. पण ऑफिसात त्याच माणसाबरोबर दिवस काढणं सोपं नव्हतं. माझ्या एका चुकलेल्या दशांश चिन्हावरून त्यांनी मला चार लोकांदेखत रडवलंय. कॅमेरा कंपनीच्या इंजिनिअरला तर ते पाणीसुद्धा विचारत नसत, कारण तो 'मशीन ओके' असं लिहून जायचा.

तिसऱ्या खेपेनंतर शेवंताबाईंचा आकडा निघाला. किडनीला किती सोसेल याची एक मर्यादा जगभर धरतात, तेवीस ग्रे; ग्रे हे त्या माराचं माप. तीन खेपांत त्यांच्या डाव्या किडनीला साडेएकोणीस झाले होते. चौथी दिली तर सव्वीस. सर कागद घेऊन आमच्या विभागप्रमुख डॉक्टर मॅडमकडे गेले.

"चौथा द्यायचा नाही?" मॅडमनी विचारलं. "त्यांना फायदा होतोय. पोटाचा त्रास निम्म्यावर आलाय. चार डोस हा जगाचा नियम आहे."

"जगाची किडनी दीडशे ग्रॅमची आहे, मॅडम. हिची डावी नव्वदची आहे."

मॅडम चांगल्या डॉक्टर होत्या. तासभर वाद घातला, शेवटी ऐकलं. चौथी खेप थांबवली. शेवंताबाईंना सांगताना मी तिथेच होते. त्यांनी मान हलवली, आणि "बरं" म्हणाल्या. सर त्या दिवशी बरोबर ठरले होते. मला त्यांचा अभिमान वाटला होता.

एप्रिल उजाडला. खोट्या पेशंटचा स्कॅन वर्षाने पुन्हा करायचा असा सरांचाच नियम. या वेळी त्यांनी किडन्या स्वतः भरल्या. आकडा जुळेना. कॅमेरा बिघडला म्हणून त्यांनी दोन दिवस कॅमेरा तपासला. कॅमेरा ठीक होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर ते जुनं रजिस्टर उघडून बसले होते. त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं.

सुई रिकामी केल्यावरही तिच्यात थोडं औषध उरतं. ते मोजून वजा करायचं असतं. त्याचा रकाना असतो. माझ्या अक्षरातल्या त्या ओळीत बाकी सगळे रकाने भरलेले होते. तो एक कोरा होता.

शंभरातले बारा सुईत राहिले होते आणि आम्ही धरलं होतं की सगळे शंभर किडनीत गेले. म्हणजे वर्षभर प्रत्येक पेशंटच्या किडनीचा डोस आम्ही खऱ्यापेक्षा जास्त सांगत होतो. सरांनी कागदावर शेवंताबाईंचा हिशोब नव्याने मांडून ठेवलाच होता. चारही खेपा धरल्या तर बावीस पूर्णांक नऊ. तेवीसच्या काठावर, पण आत. चौथी खेप देता आली असती.

"सर, माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

मला वाटलं आता ते ओरडतील. एका दशांशावरून रडवणारा माणूस. ते ओरडले नाहीत. "तू भरलं होतं म्हून मी पाह्यलं नाई," ते हळू म्हणाले. "पाहाचं होतं."

त्या दिवशी त्यांनी वर्षभरातल्या प्रत्येक पेशंटचा आकडा नव्याने काढला. बाकी कोणाचाच निर्णय बदलत नव्हता. फक्त शेवंताबाईंचा बदलत होता. कागद घेऊन ते मॅडमकडे गेले, मी मागे उभी.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग दार लावलं. "हे बघा, तुम्ही हिशोब केलाच नसता तर कोणी विचारलं नसतं. या भागात दुसरं कोणी करतही नाही. पुढच्या तपासणीत गाठी वाढलेल्या दिसल्या तर चौथा डोस देऊ. चुकीचं लेखी कशाला? हॉस्पिटलवर येईल. तुमची नोकरीही जाऊ शकते."

"पुढची तपासणी जूनमध्ये आहे," सर म्हणाले. "दोन महिने तिनं कायले थांबाचं? माह्या चुकीसाठी?"

"आणि तिने तक्रार केली तर?"

"तिचा हक्क आहे तो."

झालेल्या चुकीचा अहवाल त्यांनी सही करून मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यात माझं नाव नव्हतं. मी तो पूर्ण वाचला होता. 'मी' असा शब्द सगळीकडे, आणि तो त्यांचा.

कोंढ्याला आम्ही एसटीने गेलो. जीप मागायची नाही असं ते म्हणाले, हे हॉस्पिटलचं काम नाही. उन्हाचे पोचलो. शेवंताबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. त्या बारीक झाल्या होत्या. आम्हाला बघून खाट ओढली, पाणी दिलं. नवरा घरातून येऊन दारात टेकला.

सर बसले नाहीत. उभ्याउभ्याच सांगितलं, जसंच्या तसं. सुईत औषध उरलं, ते वजा केलं नाही, म्हणून आकडा मोठा आला, म्हणून तुमचा चौथा डोस थांबवला, तो थांबवायला नको होता. "चूक माही आहे, मावशी. तुमाले सांगाले आलो."

मी म्हटलं, "मावशी, सुई मी भरली होती. मोजायची मीच..."

"रजिस्टरवर सही कोणाची आहे?" सरांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"तुमची."

"मंग चूप राह्य."

मग नवरा पुढे आला. त्याचा आवाज चढला. "म्हणजे चार महिने हिचं पोट जाऊन राहिलं, ते तुमच्यानं? आमी तं समजलो, किडनीच खराब आहे म्हून आता काही होत नाई. हिनं तं साड्यासुद्धा सुनेले वाटून टाकल्या!"

सर मान खाली घालून उभे होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

शेवंताबाईंनी हाताने नवऱ्याला थांबवलं. सरांकडे बराच वेळ बघितलं.

"तुमची चूक कोणं पकडली?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"दुसरं कोणालेच ठाऊक नव्हती?"

"नाई."

"मंग आता चौथी सुई देता येते का?"

"येते. किडनीचे सगळे आकडे चांगले आहेत. पण तुमाले दुसऱ्या हॉस्पिटलात घ्याची असन, तं मी कागद करून देतो. नागपूरले माह्या ओळखीचे आहेत."

"दुसरीकडं कायले?" शेवंताबाई म्हणाल्या. "तिथं चूक झाली तं कोण सांगाले येईन?"

सरांनी चेहरा बाजूला वळवला आणि खिशातला रुमाल शोधायला लागले. सापडायला वेळ लागला.

परतीच्या एसटीत सरांनी तिकिटं घडी करून वहीत ठेवली. मग म्हणाले, "आजपासून माहा प्रत्येक आकडा तू तपासशील. माहं उत्तर न पाहता, आपलं आपलं काढून. मंग दोन्ही जुळवू."

"सर, मी?"

"तुह्याकडून आता रकाना कोरा राहात नाई."

मे महिन्यात चौथी खेप झाली. मॅडमनीच दिली. अहवाल वर गेला होता, चौकशी झाली, सरांना लेखी समज मिळाली आणि त्या वर्षी त्यांची बढती अडली. त्याबद्दल ते एकदाच म्हणाले, पत्रातली तारीख चुकीची आहे, आणि ती दुरुस्त करून घ्यायला ते खरंच पत्र घेऊन ऑफिसात गेले.

चौथ्या खेपेनंतरच्या चारही स्कॅनना शेवंताबाई स्वतःहून आल्या, नवऱ्यासोबत, ठरल्या वेळेच्या आधी. आम्ही दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून आकडा काढला. माझा आला तेवीसच्या जरा आत. सरांचाही. दोन्हींत किंचित फरक होता. सरांनी तो कशामुळे, हे शोधायला आणखी एक दिवस घालवला. मी किडनीची रेघ एका जागी थोडी बाहेरून ओढली होती. "तुही रेघ बरोबर आहे," असं त्यांनी शेवटी जाहीर केलं, आणि आपली खोडली. आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

पावसाळ्यापर्यंत शेवंताबाईंच्या पोटाचा त्रास ओसरला. गाठी गेल्या नाहीत, पण वाढायच्या थांबल्या. त्या अजून दर सहा महिन्यांनी तपासणीला येतात. किडन्या काम करताहेत, दोन्ही. सुनेकडून साड्या परत घेतल्या का, असं मी एकदा विचारलं. "मागतल्या तं नाई," त्या म्हणाल्या, "पन तिनंच दोन आणून देल्ल्या."

सर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. भंडाऱ्यातच असतात. त्यांच्या जागी आलेले साहेब नागपूरहून आठवड्यातून दोनदा येतात. रोजचे आकडे मीच काढते.

मागच्या महिन्यात एक जुनी फाइल बघताना माझ्या लक्षात आलं की कॅमेऱ्याच्या दुरुस्तीनंतर एका पेशंटचा स्कॅन जुन्याच मापाने मोजला गेलाय. फरक लहान होता. पेशंटला बरं वाटत होतं, पुढची तपासणी दोन महिन्यांवर होती. मी दुपारभर त्या कागदाकडे बघत बसले. मग सरांना फोन लावला.

"सर, एक गडबड झालीय. म्हणजे, कंपनीचा इंजिनिअर दुरुस्ती करून गेला आणि त्याने आपल्याला कळवलंच नाही, त्यामुळे..."

"पेशंटचं गाव कोणतं?" सरांनी विचारलं.

मी थांबले. "साकोलीच्या पुढे आहे."

"सकाळची पहिली बस किती वाजताची?"

"बघायला लागेल सर."

"पाह्य," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

बस सहा चाळीसची होती. ती सहा त्रेचाळीसला आली. मी चढले आणि खिडकीजवळ बसले. पेशंटच्या घरी काय सांगायचं, ते मनात पहिल्यापासून जुळवायला लागले. सुरुवात 'मी' पासून केली.